पाच अर्धे दाणे

तारीख आधी लिहून ठेवू. मंगळवार, २० ऑगस्ट २०१३. राखीचा दिवस. वेळ सायंकाळची, सव्वासातची. ठिकाण चीनमधलं ग्वांगझोऊ शहर, काचेच्या उंच इमारतींमागची एक जुनी गल्ली.

हे घडलं आहे. ज्याला शंका असेल त्यानं धनेंद्रचा पासपोर्ट बघावा. त्या अख्ख्या पासपोर्टात तेवढ्याच एका प्रवासाचे शिक्के आहेत. पुढची पानं कोरी आहेत आणि कोरीच राहणार आहेत.

शिवाय चिठ्ठ्या आहेत.

तांदळाच्या गिरणीच्या फाटकावर माल आला की एक चिठ्ठी फाटते. मालाचं नाव, ओलावा, तुकडा, शेरा. धनेंद्रनं त्या वर्षी अशाच चिठ्ठ्यांवर काही लिहून ठेवलं. वहीत लिहायची त्याला सवय नव्हती. चिठ्ठीची होती.

नमुना
माल : कच्चा तांदूळ, लांब दाणा
कुठला : ग्वांगझोऊ, फुटपाथ
ओलावा : १४
तुकडा : नाही
शेरा : चार दाण्यांपर्यंत ठीक

पाचव्या दाण्याचं त्यानं लिहिलेलं नाही.

•

धनेंद्र रहांगडाले गोंदिया जिल्ह्यात सालेकशाच्या अलीकडच्या एका गावातला. आमगाव रस्त्यावर हिरालाल सेठची गिरणी आहे, तिथं फाटकावर कामाला. गाडी आली की पोत्यात टोकदार नळी खुपसायची, हातावर धान घ्यायचं, तूस चोळून काढायचं. मग पाच दाणे.

एकेक दाणा समोरच्या दातांनी मधोमध तोडायचा. अर्धा जिभेवर, अर्धा समोर फळीवर. पाच अर्धे दाणे एका ओळीत मांडायचे. तुटलेल्या कडा बघायच्या, जिभेवरचं चघळायचं, क्षणभर वर बघायचं.

"सतरा टक्के ओल. गेल्या सालचा माल आहे, वरून नवा टाकला."

ओल मोजायचं यंत्र लावलं की यंत्रही सतराच सांगायचं. हिरालाल सेठनं ते यंत्र शेवटी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं होतं.

ही पद्धत धनेंद्रच्या बापाची. रेवारामनं याच फाटकावर तीस वर्षं काढली. फरक एवढाच, की रेवारामच्या समोरच्या दाताचा टवका उडालेला होता. त्याचा दाणा नेहमी तिरपा तुटायचा. धनेंद्रचा सरळ. सेठ फळीवरची ओळ बघून सांगायचा, आज फाटकावर बाप आहे की लेक.

रेवाराम २०१० मध्ये गेला. त्याची जीभ लेकात राहिली, असं गावात सगळेच म्हणायचे.

धनेंद्रला दुसरं काही येत नव्हतं. जीभ होती म्हणून नोकरी होती, म्हणून घर होतं.

•

सेठला मशीन घ्यायची होती. कॅमेऱ्यानं रंग ओळखून खराब दाणा हवेच्या फुंकरीनं बाजूला फेकणारी. चिनी कंपनीनं तीन रात्रींचं बोलावणं धाडलं, दोघांचं तिकीट.

"तू चल," सेठ म्हणाला. "तेरी जीभ और उनका कैमरा, आमने-सामने बिठाएंगे."

घरी बायको, ओमेश्वरी, हसत सुटली. "चीनले? तिथं खाल का जी? बेडकं?"

"चिवडा बांधून दे ना."

"तीन दिवस चिवडा? वापस येसान त तुम्हीच बेडकासारखे दिससान."

आठ वर्षांची गुंजन तेवढ्यावर दिवसभर घरात बेडकासारखी उड्या मारत होती. बहीण नीतू अर्जुनी मोरगावहून आधीच येऊन राखी बांधून गेली. आई चंद्रावतीनं मात्र एकच विचारलं.

"दुपारी तू नसशील. बापाचं पान कोन ठेवल मागं?"

"तूच ठेवतेस ना माय. मी कुठं ठेवतो?"

"तू घरी असला का मले बरं वाटते."

रेवाराम गेल्यापासून चंद्रावती रोज दुपारी परसात पळसाच्या पानावर मूठभर भात ठेवायची, नवऱ्याच्या नावानं. वर्षातून एकदा ठेवायची रीत, पण ही रोज ठेवायची. कधी कावळा खायचा, कधी शेजारचं कुत्रं. बहुतेक वेळा मुंग्या. सायंकाळी वाळलेला भात ती गोठ्यामागे पुरायची आणि स्वतः अर्धपोटी उठायची.

"त्यानं खाल्लं नाई, मी कशी खाऊ."

तीन वर्षं.

•

ग्वांगझोऊत सेठनं प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला. पुलाचा, पुलाखालच्या पुलाचा, हॉटेलच्या नळाचा. रस्ते पुसल्यासारखे. लिफ्टमध्ये कान बंद व्हायचे. जमिनीखालची रेल्वे यायची आणि जायची, कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं.

कंपनीची दुभाषी मुलगी होती, चेन. कॉलेजात हिंदी शिकलेली. बोलायची रेडिओवरच्या बातम्यांसारखं.

"कृपया आसन ग्रहण कीजिए."

सेठ धनेंद्रच्या कानात म्हणाला, "अपने से अच्छी बोलती है रे. शर्म आ रही है."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात परीक्षा झाली. मशीननं काळे दाणे वेचून फेकले. मग मॅनेजरनं धनेंद्रपुढे एक वाटी ठेवली. धनेंद्रनं पाच दाणे तोडले, ओळ मांडली, वर बघितलं.

"दो साल पुराना है. और कभी एक बार भीगा है."

मॅनेजरनं कागद काढून बघितले. मग टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी धनेंद्र फार खूश होता. हे सांगायला हवं. माणूस खूश असला की हात आपोआप पुढे जातो.

सायंकाळी चेन दोघांना सेठच्या नातवंडांसाठी खेळणी बघायला जुन्या गल्लीत घेऊन गेली. गल्लीत जागोजागी लोखंडी डब्यांत कागद जळत होते. कचरा जाळत असतील, असं धनेंद्रला वाटलं. सेठ एका दुकानात शिरला. चेन त्याच्यासोबत.

समोर धान्याचं दुकान होतं. शटर अर्धं खाली. आणि दुकानापुढे फुटपाथवर, कागदावर, तांदळाचा लहानसा ढीग.

गोंदियाच्या गल्ला बाजारात प्रत्येक दुकानापुढे असा ढीग असतो. नमुन्याचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं उचलावा, चावून बघावा, पुढे जावं. कुणी विचारत नाही, कुणाला विचारावं लागत नाही.

धनेंद्र उकिडवा बसला.

पहिला दाणा. नवा माल. अर्धा फुटपाथच्या कडेवर.

दुसरा. गोड.

तिसरा. चौथा.

पाचवा तोडला...

...आणि तोंडातलं सगळं गेलं.

दाढ काढताना सुई मारतात तसं. जीभ होती, दात होते, दाणा होता. चव नव्हती.

त्यानं पाचवा अर्धा दाणा सवयीनं ओळीत ठेवला. वर बघितलं. चेन समोर उभी होती.

"वह आपके लिए नहीं था," ती म्हणाली.

"दुकान का नहीं है?"

"आज के दिन बाहर रखते हैं. जिनका कोई नहीं है, उनके लिए."

धनेंद्रला कळलं. आपल्याकडे पितरांचं असतं तसं काही. त्यानं ढिगाला हात जोडले, चेनला हात जोडले. "गलती हो गई, मैडम."

सेठ पिशवी घेऊन बाहेर आला, ऐकलं आणि पोट धरून हसला. "भूत का चावल खा गया! अब घर तक पहुंचाने आएगा."

चेन हसली नाही.

•

जेवायला तिघं बसले.

वाढणारीनं चार वाट्या ठेवल्या.

सेठ म्हणाला, "थक गई है बेचारी."

चेननं चौथी वाटी परत दिली नाही. तीत थोडा भात वाढला आणि काड्यांनी आपलं जेवण खाली मान घालून संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात सेठ आणि धनेंद्र, दोघंच.

तीन वाट्या.

विमानतळाच्या टॅक्सीत दोघं बसले. ड्रायव्हरनं दार लावलं नाही. तो दार धरून उभा राहिला... थोडा वेळ... मग एखादा माणूस आत बसल्यावर लावतात तसं हलकेच लावलं.

कोलकात्याहून गाडीनं परत. सेठ एसीत, धनेंद्र स्लीपरमध्ये. चहावाल्यानं धनेंद्रच्या हातात एक कप दिला.

दुसरा शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि पुढे निघून गेला.

तो चहा धनेंद्रनं घेतला नाही. राजनांदगावला बघितलं तेव्हा कप रिकामा होता. गाडी हलते, सांडला असेल. पण सीट कोरडी होती.

नमुना
माल : घरचा भात
चव : नाही
डाळ : नाही
मिरचीचा ठेचा : जळजळ आहे. चव नाही
शेरा : कोणाले सांगू नये

•

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी.

चंद्रावती परसातून धावतच आत आली. सत्तरीची बाई, धावली.

"धनू! ये ना गा लवकर. तुझा बाप जेवला!"

पळसाचं पान जागच्या जागी होतं. कुत्र्यानं ओढलेलं नव्हतं, कावळ्यानं उलटं केलेलं नव्हतं. त्यावर भाताचं एक शीतही नव्हतं. धुतल्यासारखं स्वच्छ.

"कुत्रं आलं असन माय."

"कुत्रं पान चाटते. हे पाहाय, कोरडं आहे."

कोरडंच होतं.

त्या दिवशी चंद्रावती दोनदा भात मागून घेऊन जेवली. तीन वर्षांनी. ओमेश्वरी ताट वाढताना डोळे पुसत होती.

चौथ्या दिवशी पान स्वच्छ. पाचव्या दिवशी पान स्वच्छ.

परसातल्या बोरीवर कावळे यायचे बंद झाले. शेजारचं कुत्रं कुंपणापर्यंत यायचं, थांबायचं, मागच्या मागे जायचं.

आणि आवाज. दुपारी, पान ठेवल्यावर. बारीक...

टक... टक...

दोन काड्या वाटीच्या काठावर आपटाव्या तसा. परसात वाटी नव्हती.

गुंजन दोन कामट्या घेऊन स्टीलच्या वाटीवर तसाच आवाज काढून दाखवायची. "पप्पा, आजोबा असे जेवायचे का?"

धनेंद्र हात धूत होता. हात तसेच राहिले, पाणी वाहत राहिलं.

रेवाराम हातानं जेवायचा. आयुष्यभर.

•

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गावानं ओरडत ओरडत नारबोदचा पुतळा शिवेबाहेर नेला, सगळी इडापिडा घेऊन जा म्हणून. धनेंद्रही ओरडला, सगळ्यात मोठ्यानं.

दुपारी पान स्वच्छ होतं.

दिवाळीनंतर नवं धान सुरू झालं. फाटकावर गाड्यांची रांग. धनेंद्र आता कानांनी काम करायचा. कोरडा दाणा कट्ट तुटतो, ओला दबतो. पाच अर्धे दाणे ओळीत, नजर वर, आणि अंदाज. बरेचसे बरोबर यायचे.

एक चुकला. एकवीस टक्के ओलीचा माल त्यानं सतरा म्हणून आत घेतला. आठवड्यानं पोत्यांची थप्पी गरम झाली. हात घातला तर वाफ.

सेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "क्या हुआ रे? तू रेवाराम का लड़का है ना?"

आणि ड्रॉवर उघडून ते यंत्र बाहेर काढलं. फाटकावरच्या फळीवर ठेवलं. जिथं ओळ मांडायची, तिथं.

•

डिसेंबरात मशीन आली. बसवायला एक इंजिनिअर आला, आणि चेन.

तिला घरी जेवायला बोलवायचं हे ओमेश्वरीनं ठरवलं. "तुम्हाले तिकडं खाऊ घातलं ना तिनं? मंग?"

चंद्रावतीला पोरगी फार आवडली. "किती गोरी आहे वो! पर जेवते चिमणीवानी. लगन झालं का तिचं, पूस ना गा."

चेन हसली. मग चंद्रावती पळसाचं पान घेऊन परसात गेली, आणि चेनचं हसू थांबलं.

टक... टक...

ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. पानाकडे बघत. चंद्रावती आत गेल्यावर हळूच म्हणाली, "आप इसे प्रतिदिन भोजन देते हैं?"

"मां देती है. मेरे पिताजी के नाम से."

"हमारे यहां वर्ष में एक बार देते हैं. फिर वह चला जाता है." तिनं पानाकडे बोट केलं. "यहां प्रतिदिन गरम भात मिलता है. वह क्यों जाएगा?"

"और मेरी जीभ? उसी दिन से स्वाद नहीं आता."

"जब तक वह यहां है, आपके मुंह से खा रहा है."

"तो क्या करूं, मैडम?"

"पत्ता मत रखिए. तीन दिन. भूखा रहेगा तो अपने घर का मार्ग लेगा." ती इतकं स्पष्ट बोलली, जणू मशीनचं बटन समजावून सांगत होती. "और कोई उसे फिर से न बुलाए. कटोरा बजाकर तो कभी नहीं. हम बच्चों को भी मारते हैं इसके लिए."

आतून चंद्रावतीचा आवाज आला. "जेवला का गा तुझा बाप?"

"हाव माय," धनेंद्र म्हणाला.

•

जानेवारीत नीतूकडे काम निघालं. चंद्रावती तीन दिवसांसाठी अर्जुनी मोरगावला गेली. जाताना दहा वेळा सांगून गेली, पान ठेवजो.

धनेंद्रनं पान ठेवलं नाही. ओमेश्वरीला तेवढं सगळं सांगितलं, जिभेचंही.

पहिल्या दिवशी दुपारी... टक... टक... बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी टकटक जवळ आली. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी. ओमेश्वरीनं गुंजनला मांडीवर घेतलं आणि कान झाकले. धनेंद्र दाराकडे पाठ करून बसला. भूक लागलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवलं आहे, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी काहीच नाही.

बोरीवर एक कावळा येऊन बसला.

धनेंद्रनं डाळीत बोट बुडवून चाटलं. मीठ.

"तांदूळ आन," तो ओमेश्वरीला म्हणाला. पाच दाणे तोडले. पाच अर्धे पाटावर मांडले. "आपल्याच वावरातला. दोन सालाचा. तळाच्या पोत्यातला आहे ना?"

ओमेश्वरीनं तोंडावर पदर धरला. "आली का जी?"

"आली."

नमुना
मीठ : आहे
डाळ : आहे
तांदूळ : आहे आहे आहे

•

चौथ्या दिवशी चंद्रावती आली. पाय धुतले, पिशवी न सोडताच भात टाकला.

"ठेवलं ना गा पान रोज?"

ओमेश्वरीनं नवऱ्याकडे बघितलं. आता सांगायचं होतं. एक वाक्य होतं फक्त.

"ठेवलं माय."

तिनं पान ठेवलं. ओसरीत बसून वाट बघितली. एक वाजला. दोन वाजले. कावळा आला, दोन शितं उचलून उडाला. मुंग्या लागल्या.

"रुसला," चंद्रावती म्हणाली.

तिनं आपलं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशीही पान भरलेलं. "मी गेलती ना तिकडं, म्हनून. मले सांगून जायाले पायजे होतं त्याले." तिनं पाणी घेतलं फक्त.

तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. ओमेश्वरीनं पेज करून चमच्यानं द्यायला बघितली. तिनं ओठ मिटून घेतले. भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई. पाठ एवढीशी.

"जीवच ठेवणार नाई आता ह्या," ओमेश्वरी बाहेर येऊन म्हणाली. "तुम्ही काईतरी करा जी."

धनेंद्रनं त्या दिवशी सकाळी फाटकावर सात गाड्यांचा माल बरोबर सांगितला होता. सेठनं यंत्र परत ड्रॉवरमध्ये टाकलं होतं.

तो उठला. फडताळातून स्टीलची वाटी घेतली. गुंजनच्या त्या दोन कामट्या घेतल्या. पळसाच्या पानावर भात वाढला, गरम. परसात जाऊन उकिडवा बसला.

थोडा वेळ नुसताच बसला. तोंडात सकाळच्या चहाची चव होती, आल्याची. ती त्यानं एकदा गिळून घेतली.

मग काड्या वाटीच्या काठावर आपटल्या.

टक.

टक.

बोरीवरचा कावळा उडून गेला.

थोड्या वेळानं आल्याची चवही गेली.

तो आत आला आणि दारातून म्हणाला, "माय. उठ. बाबूजी जेवले."

चंद्रावती उठली. भिंतीला धरून परसापर्यंत आली, कोरडं पान बघितलं, आणि ओमेश्वरीला म्हणाली, "भात वाढ वो. मले भूक लागली."

•

यानंतरची एक चिठ्ठी सापडली नाही. धनेंद्र म्हणतो, लिहिलीच नव्हती. ओमेश्वरी म्हणते, लिहिली होती आणि चुलीत टाकली.

फेब्रुवारीपासून तो फाटकावर नाही. यंत्र फळीवर आहे. सेठनं त्याला काढलं नाही, नव्या मशीनवर बसवलं. मशीन खराब दाणे फुंकून फेकते, धनेंद्र ते पोत्यात भरतो. दिवसभर आवाज असतो. बोलावं लागत नाही.

घरी तो जेवतो. किती वाढलं आणि किती संपलं ते बघून, पोट भरलं असेल असं समजून उठतो.

एकदा ओमेश्वरीनं पाटावर बसल्या बसल्या विचारलं, "एक गोष्ट पुसू का जी?"

"पूस."

"बाबूजीचं पान तो खाऊन राहिला. रोज. त मंग बाबूजी कुठं जेवत असन?"

धनेंद्र हात धुवायला उठला. पण त्या दिवसापासून प्रश्न घरातच राहिला, टकटकीसारखा.

•

२०१४ च्या राखीला, दहा ऑगस्टला, रविवार होता. सोमवारी सकाळी गिरणीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेल आला. सेठनं धनेंद्रला हाक मारली. "तेरी चेन मैडम का है. क्या लिखा है, कुछ समझ नहीं आ रहा."

मजकूर हिंदीत, इंग्रजी अक्षरांत होता. चार ओळी.

यंदा त्या दुकानापुढे तिनं स्वतः तांदूळ ठेवला होता. सायंकाळी. फुटपाथवर दुसरं काही नव्हतं. तिथला रस्ता रोज पहाटे पाण्यानं धुतात. अर्ध्या तासानं ती परत आली तेव्हा जे दिसलं त्याचा फोटो जोडला आहे. हमारे यहां ऐसा कोई नहीं करता. क्या आप जानते हैं, यह कौन है?

खाली फोटो.

फुटपाथची कड. कागदावर तांदळाचा लहानसा ढीग. आणि कडेवर, एका ओळीत...

पाच अर्धे दाणे.

धनेंद्रनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. दाणे धूसर व्हायला लागले तेव्हा थांबला.

पाचही दाणे तिरपे तुटले होते.

सेठ मागे उभा राहून बघत होता. त्यानं ही ओळ तीस वर्षं बघितली होती. तो खुर्ची ओढून खाली बसला.

मशीनचा आवाज भिंतीतून येत होता. धनेंद्रनं एकेक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं. वेळ लागला.

*उनको पुराना चावल देना. नया पचता नहीं.*

थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. मग आणखी एक ओळ.

*इधर वाले को क्या पसंद है, किसी से पूछकर बताना.*

पाठवलं. उठला. जाऊन पोतं लावलं.

त्या मेलला उत्तर आलेलं नाही. चेननं ती नोकरी सोडली, एवढंच कंपनीनं पुढे कळवलं.

दुपारी तो घरी जेवायला गेला. परसात पान स्वच्छ होतं. चंद्रावतीनं विचारलं, "आज काऊन असा पाहून राहिला गा?"

"काई नाई माय."

"बापाची आठवन आली का?"

तो पाटावर बसला. समोर ताट आलं. मागच्या दाराबाहेर, बारीक...

टक... टक...

नमुना
माल :
ओलावा :
चव :
शेरा : भात थोडा मऊ शिजवावा. तो म्हातारा असेल तर.